वाचक विचारतात : जुनी होडी पाहायला कोकणात जाताना

प्रश्न : आमचे मूळ घर वाशिष्ठीच्या खाडीकाठी आहे. निवृत्तीनंतर तेथे राहायला जाणार असल्याने खाडीत फिरण्यापुरती एक जुनी फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिनासह, विकत घ्यावी असे मी व माझ्या पत्नीने ठरवले आहे. हर्णै ते दाभोळ या पट्ट्यात चार-पाच होड्या पाहायच्या आहेत. नातवंडेही बरोबर येणार असल्याने याच प्रवासात डॉल्फिन, मगरी आणि कासवेही पाहता यावीत, अशी इच्छा आहे. कधी जावे आणि दिवसाची आखणी कशी करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होडी विकणारे मालक बहुधा मे महिन्याच्या अखेरीस भेटतात, कारण 1 जून ते 31 जुलै या काळात मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या जातात. तरीही आपण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या आरंभी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. झाकून ठेवलेल्या होडीचे इंजिन पाण्यात चालवून पाहता येत नाही, आणि आपल्याला जे प्राणी पाहायचे आहेत त्यांचाही हंगाम तोवर उलटलेला असतो.

महिना ठरल्यावर तिथी पाहावी. कोकणातले जुने लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तृतीयेला ती साधारण सव्वादोनला आणि पंचमीला पावणेचारला येते. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान असते. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या या दिवसांत उधाणाचा जोर टिकून असल्यामुळे पाणी दूरवर ओसरते, खाडीतल्या होड्या चिखलावर टेकतात आणि एरवी न दिसणारा त्यांचा तळ उघडा पडतो. त्याच चिखलावर चिखले, तुतारी आणि बगळे हे पक्षी चरायला उतरतात आणि वाशिष्ठीच्या मगरीही ऊन खायला काठावर येतात. होडीची पारख आणि प्राणिदर्शन यांची वेळ अशी एकच असल्यामुळे तिथी साधली, तर निम्मे काम झाले असे समजावे.

तळ पाहताना हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळीकडे हळूहळू ठोकावे. फायबर शाबूत असेल तेथे आवाज खणखणीत येतो. बद्द आवाज येईल तेथे थर सुटलेले असतात किंवा आत पाणी मुरलेले असते. सर्वांत जास्त वेळ इंजिन टांगलेल्या मागच्या फळीला द्यावा. तेथे फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असते, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजले, तर बाहेरून नवा रंग दिलेली होडीही भर पाण्यात इंजिनाचा भार पेलणार नाही. इंजिन झाकूनच ठेवा, तापवून ठेवू नका, असे मालकाला आधीच कळवावे, कारण थंड इंजिन किती दोऱ्या ओढल्यावर सुरू होते यावरून पुष्कळ कळते. सुरू झाल्यावर बाजूने पाण्याची धार सतत पडते आहे ना, हेही पाहावे. ती मधेच तुटत असेल, तर खाऱ्या पाण्यातले मीठ आत साचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट बुजत चाललेली असू शकते.

एक इशारा मात्र मनापासून देतो. दाभोळपासून आत, मालदोली व चिपळूणच्या दिशेने होडी पाहायची असेल, तर तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय चिखलात उतरू नये आणि नातवंडांना काठापासून दूर ठेवावे. तेथील मगरी एरवी माणसाच्या वाटेला फारशा जात नाहीत, पण चिखलाच्या रंगाची, निश्चल पडलेली मगर नवख्याला दहा पावलांवरूनही ओळखू येत नाही. त्या पाहायच्या असतील, तर स्थानिक नावाड्याच्या होडीतून पाहाव्यात.

हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी जावे. सुवर्णदुर्ग समोर असतो, कुरव पक्ष्यांचे थवे अजून परतलेले नसतात, आणि कोणती होडी कशामुळे विकायला निघाली आहे, हे तेथे उभ्या असलेल्या माणसांइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही. शेवटची संध्याकाळ वेळासला ठेवावी. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचे काम सुरू केले. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागत असल्याने त्या सुमारास पिल्ले समुद्रात जाताना दिसण्याचा संभव चांगला असतो.

प्रश्न : पाण्यात चाचणी घेताना डॉल्फिन दिसले, तर होडी किती जवळ न्यावी?

उत्तर : ओहोटीला अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा उघडा पडतो, म्हणून पाणी चढू लागल्यावर, पण दुपारचा खारा वारा सुटण्यापूर्वी बाहेर पडावे. किनाऱ्यालगत दिसणारे डॉल्फिन बहुधा पाठीवर वशिंड असलेल्या जातीचे असतात आणि ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली जाते. किमान 50 मीटर अंतर राखावे, वेग कमी करून त्यांच्या दिशेला समांतर जावे, आणि ते स्वतःहून जवळ आले तर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवावे. पिल्लू बरोबर असलेल्या मादीचा पाठलाग करून मुलांना डॉल्फिन दाखवण्यापेक्षा ते न दिसलेले परवडले. डॉल्फिन, कासव आणि मगर हे सर्व 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

प्रश्न : होडी पुळणीवर ओढून ठेवली तर चालेल का, आणि कागदपत्रे कोणती पाहावीत?

उत्तर : कासवे भरतीरेषेच्या वर, म्हणजे होड्या ओढतात त्याच वाळूत अंडी घालतात. त्यामुळे नोव्हेंबर ते मे या काळात गावातील कासवमित्रांना विचारूनच जागा निवडावी आणि रात्री तेथे दिवे लावू नयेत, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात. कागदपत्रांत होडीचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहावा. होडीवर बँकेचे अथवा मच्छीमार सोसायटीचे कर्ज नसल्याचे लेखी घ्यावे, आणि मासेमारीचा परवाना हा पर्यटकांना फिरवण्याचा परवाना नव्हे, हे ध्यानात ठेवून महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात व्यवहारापूर्वीच चौकशी करावी.