तुमचे प्रश्न: बालीच्या माकडानं चष्मा पळवला तर काय करायचं?

मे महिन्याच्या सुट्टीनंतर आलेले मेसेज आणि पत्रं काढून बसले तर निम्मी बालीचीच निघाली. बंगळुरूहून थेट विमान झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची लय मंडळी तिकडं जाऊन यायलीत आणि प्रश्न विचारतात ते समुद्राचे नाहीत, हॉटेलचे नाहीत, माकडांचे. मी स्वतः दोनदा बायकांचा ग्रुप घेऊन जाऊन आलेय म्हणून या वेळची जागा सगळी त्यालाच देते.

प्रश्न: ताई, आम्ही तिघी जावा आणि सासूबाई बालीला गेलो होतो. उलुवातूच्या देवळात कठड्यापाशी फोटो काढताना मोठ्या जाऊबाई ओरडल्या, "आत्या, ते माकाड तुमच्याकडंच बघूलालंय!" आणि तेवढ्यात त्यानं सासूबाईंचा नंबरचा चष्मा नाकावरनं ओढून नेला. तिथल्या एका माणसानं खाऊ टाकून तो परत मिळवून दिला पण एक दांडी चावून वाकडी, आणि वर त्यानं पैसे मागितले. घरात सगळे म्हणतात माकडं शिकवून ठेवलीत, धंदा आहे तो. खरं काय? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: आधी हे सांगा, सासूबाईंना कुठं ओरखडा नाही ना लागला? डोळ्याजवळ, कानामागं नीट बघितलंत का? असेल तर हे सोडा आणि खालचं दुसरं उत्तर आधी वाचा.

आता धंद्याचं. मला विचाराल तर कुणी बसून माकडांना चोरी शिकवलेली नाही, माकडं बघून बघून आपली आपण शिकलीत आणि शिकवणारे आपणच, म्हणजे तिथं रोज येणारे हजारो लोक. उलुवातूचं देऊळ समुद्राच्या वर साधारण ७० मीटर उंच कड्याच्या टोकावर आहे, तिथं लांब शेपटीच्या माकडांच्या वेगवेगळ्या टोळ्या राहतात. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाच्या लोकांनी त्यांचा अभ्यास करून २०१७ साली लिहिलं की ज्या टोळ्या पर्यटकांच्या वाटेवर जास्त वेळ असतात आणि ज्यांच्यात तरणे नर जास्त असतात त्या टोळ्या जास्त चोऱ्या करतात. सगळ्या माकडांत उपजत असती ही खोड तर टोळी-टोळीत असा फरक कशाला पडला असता? आणि २०२१ साली कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या आणि बालीतल्या उदयाना विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला, त्यांनी २७३ दिवस या माकडांचं शूटिंग केलं. त्यात दिसलं की पिल्लं हाताला येईल ते उचलतात, पण जाणती माकडं बरोबर बघून वस्तू घेतात, माणसाला कशाशिवाय चालत नाही ते त्यांना कळतं, म्हणजे मोबाईल, नंबरचा चष्मा. रिकामी पिशवी नेऊन काय मिळणार हो? आणि महागाची वस्तू हातात असली की ती साध्या खाऊला ऐकत नाहीत, एक सौदा तर तब्बल १७ मिनिटं चालला होता.

मी स्वतः बघितलंय ते सांगते. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीचा फोन एका थोराड नरानं नेला आणि भिंतीवर जाऊन बसला, फोन पोटाशी धरलेला, स्क्रीन आतल्या बाजूला. देवळाच्या माणसानं केळं टाकलं, त्यानं बघितलं सुद्धा नाही. बिस्किटासारखं काहीतरी पुडक्यातलं टाकलं, ते उचललं, खाल्लं, पण फोन पोटाशीच. तोपर्यंत ती पोरगी रडायला लागली होती, सगळे फोटो, तिकिटं, बँक, सगळं त्यात. मग त्या माणसानं खिशातनं एक कच्चं अंडं काढून नुसतं दाखवलं. माकडानं फोन हळूच भिंतीवर ठेवला, अगदी आपण कप ठेवतो तसा, आणि दोन्ही हातांनी अंडं घेतलं. मला त्या वेळी त्या माकडाचा राग आला नाही, मला वाईट वाटलं, कारण झाडाचा पाला, फळं, किडे शोधत हिंडायचं सोडून हा प्राणी दिवसभर आपल्या पर्सकडं बघत बसतो आणि ही सवय लावली आपण.

पैशाचं म्हणाल तर त्या माणसानं स्वतःचा हात धोक्यात घालून चष्मा आणला, मला वाटतं मनाला पटेल ते द्यावं. वाद घालू नये.

आणि पुढच्या वेळी सासूबाईंचा चष्मा गेटवरच काढून चेन असलेल्या पर्समध्ये ठेवा, पर्स पोटावर धरा, त्यांना दिसत नसेल तर एका सुनेनं दंड धरून चालवा. दोरी लावून गळ्यात अडकवू नका हं, माकड ओढतं आणि दोरी मानेला काचते. जुना चष्मा फेकू नका, तो हॉटेलात असू दे. आणि वस्तू गेली तर गेली, हिसकायला जायचं नाही. चावे बरेचदा तिथंच होतात, वस्तू परत ओढताना.

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलाला उबुदच्या माकडांच्या जंगलात माकडानं पायावर ओरबाडलं. रक्त नव्हतं, नुसती लाल रेघ. ग्रुप नेणाऱ्यांनी "काय होत नाही, इथं रोजचंच आहे" म्हणून डेटॉल लावलं. परत येऊन नऊ दिवस झाले, रेघ पण गेली. आता इंजेक्शनचा उपयोग आहे का? (खानापूर)

उत्तर: आहे. आजच जा. हे वाचून झाल्यावर नाही, वाचता वाचता चप्पल घाला.

मला या प्रश्नानं रात्री झोप नाही आली म्हणून छापायच्या आधीच तुम्हाला फोन केला होता, पण तुमच्यासारखे अजून कितीजण गप्प बसले असतील म्हणून इथं सगळं लिहिते. बालीत २००८ पासून रेबीज आहे. मुख्यतः कुत्र्यांत, ते खरं, पण रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होतो आणि माकड कुत्र्याशी भांडलं होतं का ते आपल्याला कोण सांगणार? लक्षणं सुरू झाल्यावर या रोगाला उपाय नाही, आणि लक्षणं यायला आठवडे, महिने लागू शकतात, म्हणून "नऊ दिवसांत काय झालं नाही" याला काही अर्थ नाही. उशीर झाला तरी लस घ्यायचीच, अगदी महिन्यांनी आठवलं तरी डॉक्टर आज चावल्यासारखंच धरून सुरू करतात.

जखम कशी आहे त्यावर उपचार ठरतो. रक्त न येता ओरखडा असेल तर लस. रक्त आलं असेल, दात घुसला असेल, किंवा फुटलेल्या कातडीवर माकडानं चाटलं असेल तर लसीसोबत जखमेत एक वेगळं इंजेक्शन देतात, इम्युनोग्लोब्युलिन, ते चुकवायचं नाही. लस आपल्याकडं कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात दिली तर त्यात १४ वा दिवस पण येतो. आता पोटात चौदा इंजेक्शनं घेत नाहीत, ती भीती जुनी, मनातनं काढून टाका. तारखा फ्रिजवर लिहून चिकटवा, कारण तिसरं झालं की लोक विसरतात.

आणि डेटॉल लावून भागत नाही. पहिलं काम साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं म्हणजे लय वाटतात, मूल रडतं, मागचे लोक घाई करतात, पण तेवढं धुवायचंच. हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर काहीही भरायचं नाही. डॉक्टरांना "माकड होतं, बालीतलं होतं" हे दोन्ही सांगा, कारण आशियातल्या या जातीच्या माकडांत हर्पीस बी नावाचा एक विषाणू असतो, माणसाला क्वचितच होतो पण झाला तर मेंदूपर्यंत जातो, म्हणून डॉक्टरांना माहीत असलेलं बरं.

ज्यांनी "काय होत नाही" म्हटलं त्यांचं मला पटलं नाही आणि पटणार नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या बाबतीत असं बोलायचं असतं का?

प्रश्न: मी ७१ वर्षांचा आहे. आमच्या गल्लीत मारुतीचं देऊळ आहे, दर शनिवारी मी माकडांना केळी आणि फुटाणे घालतो. मुलगा बालीला नेणार आहे, तिथली माकडं देवळातली आहेत म्हणे. सोबत केळी नेली तर चालेल का? की मारुतीरायाला आता खाऊ घालणं पण गुन्हा झाला? (निपाणी)

उत्तर: आजोबा, नमस्कार. तुमच्या शनिवाराला मी नावं ठेवणार नाही, माझे वडील पण तेच करायचे.

पण केळी नेऊ नका. उबुदच्या जंगलात पाडांगतेगाल गावाची तीन देवळं आहेत, गावच ते जंगल सांभाळतं, आणि तिथली माणसं माकडांना दिवसातनं तीनदा रताळी घालतात, वर मका, पपईची पानं, काकडी असं ठरलेलं. म्हणजे सेवा चालू आहे, उपाशी कुणी नाही. तिथले हिंदू लोक देवाशी, माणसाशी आणि निसर्गाशी नीट वागणं याला त्री हित करण म्हणतात, शब्द ऐकूनच तुम्हाला आपले वाटतील. तिथं आपण पिशवीतनं केळं काढलं की पाच-सहा माकडं अंगावर येतात, तुमच्या वयाला एक धक्का लागला तर मांडीचं हाड जायचं. हात जोडा, बघा, मनात स्तोत्र म्हणा. ती पण सेवाच.

आणि आता आपल्या इथलं बोलते, रागावू नका. चोर्ला घाटात वळणावर गाड्या थांबवून लोक चिप्स, वेफर्स, बिस्किटं फेकतात, भक्तीनं फेकणारे पण त्यात आहेत. मागच्या पावसाळ्यात गोव्याहून येताना आमच्या पुढं एक माकडीण रस्त्याच्या मधोमध बसलेली, हलेना. उतरून बघितलं तर शेजारी पिल्लू गाडीखाली गेलेलं, मुठीत बिस्किटाचा कागद तसाच. ती त्याचा हात उचलायची, सोडायची, परत उचलायची. मागनं हॉर्न वाजत होते. त्या दिवसापासून मी रस्त्यावर दाणा सुद्धा टाकत नाही, आणि कुणी टाकताना दिसलं तर खाली उतरून हात जोडून सांगते. शनिवारचं करायचं तर देवळात नारळ फोडा, प्रसाद गल्लीतल्या पोरांना वाटा. परड्यात जांभूळ, उंबर लावता आलं तर त्याहून चांगलं, त्याला फळं धरली की माकडं झाडावरच खातील, हातातलं ओढायला शिकणार नाहीत.

प्रश्न: बालीचं माकड आणि आपलं माकड एकच का? मी आठवीत आहे. (चिकोडी)

उत्तर: चुलत भाऊ म्हण. आपलं लाल तोंडाचं माकड, डोक्यावर मधोमध भांग पाडून केस पसरलेले असतात ते, फक्त दक्षिणेकडच्या भारतात सापडतं, बदामीच्या लेण्यांत गेलास तर जवळनं दिसेल. बालीचं करड्या रंगाचं, डोक्यावर तुरा, नराला मिशा. दोघांच्या गालात पिशवी असते, चोरलेलं आधी तिथं भरतात आणि मग निवांत बसून खातात. काळ्या तोंडाचं, ज्याला कन्नडमध्ये मुश्या म्हणतात ते आपलं वानर, त्याला ही गालपिशवी नाही, ते मुख्य पाला खातं. अजून एक लक्षात ठेव, माकडाकडं बघून दात दाखवून हसू नको, त्यांच्यात दात दाखवणं म्हणजे भीती किंवा धमकी, ओळखीचं हसू नव्हे.

प्रश्न: बालीहून आलेल्यांमुळं माकडताप पसरतो का? (जांबोटी)

उत्तर: नाही, तो बालीचा नव्हेच, आपल्याच घाटातला. १९५७ साली शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, कन्नडमध्ये मंगन कायिले म्हणतात. २०१६ मध्ये दोडामार्गकडं रुग्ण निघाले, आणि ते रान तुमच्या रानाला लागूनच आहे. माकड चावून होत नाही, गोचीड चावून होतो. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरलेल्या असतात, लांब राहा आणि जंगल खात्याला किंवा सरकारी दवाखान्यात कळवा. काजूच्या बागेत, सरपणाला जाताना पूर्ण अंग झाकून जा, आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा.

प्रश्न: डिसेंबरमध्ये लग्न आहे आणि नंतर बालीचं बुकिंग. होणारी बायको माकडांना लय घाबरते. उलुवातू कॅन्सल करू का? (गोकाक)

उत्तर: नका करू हो. गोकाकच्या धबधब्यावर माकडं बघत मोठे झालात तुम्ही, तिला तुम्हीच सांभाळायचं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोचा, कमरेला गुंडाळायला सरोंग तिथंच मिळतो, कानातले-गॉगल-टोपी सगळं आधीच आत, पाण्याची बाटली पण आत, कुरकुरणारी प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, त्या आवाजाला माकडं लगेच वळतात. कठड्याला टेकू नका, वाटेच्या मधनं चाला. आणि सूर्य बुडताना केचाक नावाचा तिथला नाच बघा. कंबरेला काळ्यापांढऱ्या चौकड्याचं कापड लावलेले कितीतरी पुरुष गोल बसून नुसत्या तोंडानं चक-चक-चक म्हणतात, एक वाद्य नाही, मधे सीताहरण, आणि शेवटी पांढराशुभ्र हनुमान जळत्या नारळाच्या सोडणांतनं लाथा मारत बाहेर पडतो. आमच्या ग्रुपमधल्या शहापूरच्या एक काकू तिथं उभं राहून मोठ्यानं "जय बजरंगबली" म्हणाल्या आणि शेजारचे जपानी लोक पण टाळ्या वाजवायला लागले. बायकोला मधल्या रांगेत बसवा.