रिव्हिजननंतर टाक्यातून पाणी येतंय? गोळ्यांवर थांबू नका

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब, आम्ही चोपडा तालुक्यातले. आई ६८ वर्षांची आहे, १४ वर्षांपूर्वी खुब्याचा सांधा बदलला होता, तो सैल झाला म्हणून नाशिकला परत ऑपरेशन (रिव्हिजन) केलं, त्याला आता ५ आठवडे झाले. टाक्याच्या खालच्या टोकाला एका जागेवरून पातळ पाणी येतं. गावातल्या डॉक्टरांनी ५ दिवस गोळ्या दिल्या तेव्हा थांबलं, बंद केल्यावर परत सुरू, आता परत त्याच गोळ्या चालू करा म्हणताय. ताप नाही, पण रात्री खुबा ठणकतो. तो पाय लांब वाटतो, चालताना लचकते. नातेवाईक म्हणताय वाळूचा शेक द्या. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी ते पाणी. बाकीचं नंतर बघू, कारण ५ आठवड्यांनी टाक्यातून पाणी यायलाच नको. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस ड्रेसिंग थोडं ओलं होतं ते चालतं, पण आठवडा उलटल्यावरही येत असेल तर सर्जनने जखम बघायलाच पाहिजे, आणि तुमच्याकडे तर गोळ्यांनी थांबून परत सुरू झालंय म्हणजे आत सांध्यापर्यंत इन्फेक्शन गेलंय असंच धरून चाला, तपासणीत नाही निघालं तर चांगलंच. ताप नाही यावर जाऊ नका, खोल इन्फेक्शनमध्ये पुष्कळ पेशंटना ताप येतच नाही, रात्रीचा ठणका आणि वाहणारी जखम एवढंच असतं.

गोळ्यांनी का भागत नाही ते सांगतो. जंतू धातूला चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, टाकीच्या भिंतीला शेवाळ धरतं ना तसा, आणि गोळीचं औषध त्या थरात नीट पोचत नाही. आजूबाजूच्या मांसातले जंतू मरतात म्हणून पाणी तेवढ्यापुरतं थांबतं आणि घरच्यांना वाटतं बरं झालं. दुसरं नुकसान जास्त मोठं, अर्धवट अँटिबायोटिक झालं की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडत नाही, मग नेमकं कोणतं औषध द्यायचं तेच कळत नाही. म्हणून नवा कोर्स सुरू करण्याआधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना आजच फोन करा, या दोन-तीन दिवसांत आईला दाखवा. थंडी वाजून ताप आला किंवा आई गुंगीत वाटली तर नाशिकची वाट बघू नका, सरळ जळगाव किंवा धुळ्याच्या मेडिकल कॉलेजला न्या.

तिथे सीआरपी, ईएसआर (अंगातली सूज-इन्फेक्शन दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि एक्स-रे होईल. सीआरपी ऑपरेशननंतर वाढतोच पण साधारण ३ आठवड्यांत खाली येतो, ईएसआरला जास्त वेळ लागतो, म्हणून आत्ता सीआरपी वाढलेला असेल तर ते महत्त्वाचं. मग सुईने सांध्यातलं पाणी काढून कल्चरला पाठवतात, काही जंतू हळू वाढतात म्हणून लॅबला १४ दिवसांपर्यंत ठेवायला सांगतात. जखमेवरून नुसता कापूस फिरवून केलेल्या तपासणीवर विसंबू नका, त्यात चामडीवरचेच जंतू येतात. लवकर सापडलं तर आतून धुऊन, बॉल आणि लायनर (वाटीतलं अस्तर) बदलून बसवलेला सांधा वाचवायचा प्रयत्न करता येतो. उशीर झाला तर बहुतेक वेळा सगळं काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवावा लागतो आणि पक्का सांधा नंतर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये. आईला त्यातून परत जावं लागू नये म्हणूनच मी एवढी घाई करतोय.

फाईल सोबत ठेवा, दोन्ही ऑपरेशनची, त्यात इम्प्लांटचे, म्हणजे बसवलेल्या सांध्याचे, स्टिकर लावलेले असतात, कंपनी आणि साईज त्यावरूनच कळते.

शेक अजिबात नको, टाक्याजवळची चामडी बधिर असते, भाजलेलं कळत पण नाही.

पाय लांब वाटणं सुरुवातीचे काही महिने बऱ्याच जणांना होतं, स्नायू आखडून कंबर तिरकी झालेली असते, त्यामुळे चपलेला उंची लावायची घाई नको. लचकणं पण रिव्हिजननंतर जास्त असतं, बाजूचे स्नायू परत कापले गेलेले असतात, काठी विरुद्ध हातात धरायला सांगा. पण पंजा वर उचलता येत नसेल तर नस दुखावली असू शकते, ते सर्जनला लगेच सांगा.

दुसऱ्यांदा बसवलेला सांधा पहिल्यापेक्षा जास्त निसटतो, म्हणून सैल बाजेवर बसवू नका, कडक उंच पलंग, संडासला कमोड खुर्ची, पाट नाही, मांडी नाही, खालचं उचलायला वाकणं नाही. एकदम जोरात दुखून पाय आखूड झाला, वळला आणि टेकवता येईना तर ओढून बघू नका, ॲम्ब्युलन्सने न्या.

नाशिकला नेताना मोटरसायकल-एसटी नको, गाडीत पुढची सीट मागे सरकवून पाठ कलती करा, बुडाखाली उशी ठेवा, मधे उतरवून चार पावलं चालवा. पोटरी सुजलेली, दुखरी दिसली तर चोळू नका, रक्ताची गाठ असू शकते, तसं असेल तर किंवा दम लागत असेल तर निघायच्या आधीच फोनवर सांगा.