रिपोर्टमध्ये ‘स्मॉल सेल’, पण वय अवघं २२

प्रश्न : धाकटा भाऊ २२ वर्षांचा, कसलंही व्यसन नाही. दोन वर्षं दमा म्हणून पंप घेतोय. उजव्या बाजूला तीनदा न्यूमोनिया झाला. आता खोकल्यातून रक्त आलं म्हणून दुर्बिणीने तुकडा काढला. रिपोर्ट ‘स्मॉल सेल कार्सिनोमा’. सोमवारपासून केमो. आई म्हणते, लवकर ओळखायला हवं होतं. काय करू?
– एक बहीण, सांगली

ताई, केमोआधी तो तुकडा फुप्फुसाच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्यायचाय, असं डॉक्टरांना आजच सांगा. स्मॉल सेल हा फुप्फुसाचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर; तो बहुतेक वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्या, उतारवयाच्या माणसांत दिसतो. हे वय, पुन्हापुन्हा त्याच बाजूचा न्यूमोनिया, रक्त, हे ब्राँकियल कार्सिनॉइडशी जास्त जुळतं. ही दुर्मीळ, सावकाश वाढणारी गाठ श्वासनलिकेची वाट अडवते. छातीत घरघर येते, दमाच वाटतो. आईने काय ओळखायचं, डॉक्टरही फसतात.

गफलत होते ती तुकडा काढताना. चिमट्यात पेशी चिरडल्या की कार्सिनॉइडही स्मॉल सेलसारखा दिसतो. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या पेशी ओळखायच्या खुणा दोन्ही गाठींत पॉझिटिव्ह येऊ शकतात, त्यावरून निवाडा होत नाही. ‘केआय-६७ किती टक्के?’ हे विचारा, म्हणजे किती पेशी वाढीच्या अवस्थेत आहेत ते कळतं. कार्सिनॉइडमध्ये तो बहुधा २०च्या आत, पुष्कळदा ५च्याही खाली. स्मॉल सेलमध्ये सहसा ५०च्या वर.

लॅबमधून स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो) दोन्ही मागून घ्या, पोच ठेवा. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्लाइड्स पुन्हा तपासून मिळतात. सोबत सीटीची सीडी आणि ब्राँकोस्कोपीचा रिपोर्ट न्या.

कार्सिनॉइड निघाला तर गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनबद्दल (अशा गाठी उजळून दाखवणारा खास स्कॅन) विचारा; साध्या पेटमध्ये तो फिका दिसू शकतो. पसरलेला नसेल तर मुख्य उपचार ऑपरेशन. ‘स्लीव्ह रिसेक्शन’ जमेल का, हे सर्जनला आवर्जून विचारा: नळीचा गाठ असलेला भाग कापून टोकं जोडतात, निरोगी फुप्फुस वाचतं. नुसती दुर्बिणीतून गाठ काढणं बहुधा पुरत नाही, ती नळीच्या भिंतीत आणि बाहेरही गेलेली असते. टिपिकल, म्हणजे कमी आक्रमक प्रकारचा, कार्सिनॉइड पूर्ण निघाला तर दहातले नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तपासण्या मात्र दहा वर्षं तरी चालू ठेवाव्या लागतात.

स्मॉल सेलच पक्का झाला, तर केमो एक दिवसही लांबवू नका. म्हणून फेरतपासणी तातडीची म्हणून मागा.

तोवर रक्त जास्त येऊ लागलं तर त्याला उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे डावं फुप्फुस मोकळं राहील, आणि लगेच कॅज्युअल्टी गाठा.