ती वही आधी परत द्या

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, जेईईचा क्लास लावलाय, पण गेल्या दोन टेस्टमध्ये मार्क घसरले कारण ती इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याला छोट्या चुंबकासारखं वागवणारा अंगचा गुण, नक्की काय असतो यातच अडकून बसते, म्हणून तिची वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलीत. मार्कांचं बघू, मला त्या कुलपाची जास्त काळजी वाटतेय. पुरावा म्हणून पाठवलेला पानाचा फोटो मी मोठा करून बघितला. चुंबकाच्या दोन टोकांमधून जाणारा चांदीच्या अणूंचा झोत, पुढे काचेवर दोन वेगळे पट्टे, आणि मधल्या रिकाम्या जागेला बाण करून लिहिलंय, "इथे एकही का नाही?" अहो, हा टाइमपास नाहीये, 1922 मध्ये फ्रँकफर्टला स्टर्न आणि गेरलाख यांनी केलेला प्रयोग आहे, त्या दोन पट्ट्यांमागे स्पिनच आहे, आणि प्रश्न बरोब्बर जागी विचारलाय.

तुम्ही म्हणता, इलेक्ट्रॉन पृथ्वीसारखा स्वतःभोवती फिरतो, एवढं आम्हीही शिकलो, त्यात महिनाभर कसला विचार. इथे चूक तुमची आहे, तिची नाही. 1925 मध्ये लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या पंचविशीच्या आतल्या दोन पोरांनी स्पिनची कल्पना मांडली तेव्हा लोरेंट्झसारख्या बुजुर्ग भौतिकशास्त्रज्ञाने हिशेब करून दाखवला की इलेक्ट्रॉन खरंच भोवऱ्यासारखा फिरत असेल तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा कितीतरी जोरात पळायला लागेल. पोरं घाबरली, पेपर मागे घ्यायला निघाली, पण त्यांचे सर एरेनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. त्याच वर्षी त्यांच्याआधी क्रोनिग नावाच्या पोराला हेच सुचलं होतं, वय वीस, पण पाउली या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने उडवून लावलं आणि बिचाऱ्याने ते छापलंच नाही. भोवऱ्याचं चित्र खोटं, पण स्पिन खरा, लोखंडाच्या टांगलेल्या दांडीतले स्पिन उलटवले की अख्खी दांडी किंचित वळते, आणि हॉस्पिटलातला एमआरआय प्रोटॉनच्या स्पिनवरच चालतो. मग हे वळणं येतं कुठून? काहींच्या मते ते इलेक्ट्रॉनच्या लहरीत गोल वाहणाऱ्या ऊर्जेत आहे, काही म्हणतात असं चित्र काढायच्या फंदातच पडू नका. शंभर वर्षांनंतरही यावर वाद चालू आहे, आणि तुमची मुलगी त्या वादाच्या दारात उभी आहे.

परीक्षांचं म्हणाल तर तिला फिजिक्सच शिकायचं असेल तर आयसर, नायसर आणि मुंबईची सीईबीएस या विज्ञान शिकवणाऱ्या संस्था आहेत; आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी, बाकी दोन्हींची नेस्ट, अभ्यास बराचसा जेईईचाच, त्यामुळे क्लास सोडायची गरज नाही आणि टेस्ट तिने नीट द्यायलाच हव्यात, हे तिलाही माझ्या नावाने सांगा.

"आधी सीएस (कम्प्युटर सायन्स) कर, फिजिक्स छंद म्हणून" हा सल्ला मला पटत नाही, नोकरी करून रात्री हे गणित होत नसतं. हा रस्ता लांब आहे, पीएचडी धरून दहा वर्षं, आणि फक्त अशा मुळाच्या प्रश्नांवर काम करायच्या कायम नोकऱ्या मोजक्याच, हेही खरं. पण केंद्राने 2023 मध्ये 6,003 कोटींचं क्वांटम मिशन, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या अशा गुणांवर चालणारं तंत्रज्ञान उभारायची योजना, मंजूर केलंय, तिथे स्पिन समजणारी माणसं लागणार आहेत.

आज रात्री वही परत द्या आणि तिला म्हणा, ती मधली रिकामी जागा मला समजावून सांग. ती बोलत असताना "पेपरात हे येणारे का" असं मध्येच विचारू नका. आणि पुढचं पत्र मला तिला लिहू द्या.