माळावर खड्डे घेण्याआधी

प्रश्न : आमच्या गावाला ४० एकर गायरान आहे. येत्या पावसाळ्यात तिथे झाडं लावायचं ग्रामपंचायतीने ठरवलंय आणि शाळेची मुलं घेऊन या, असा मला निरोप आलाय. सकाळी फिरायला जाते तेव्हा त्या माळावर धाविक आणि टिटव्या दिसतात. झाडं आली की पाखरं वाढतील, की आहेत तीच निघून जातील?
– एक शिक्षिका, इंदापूर तालुका

उत्तर : बाई, आहेत ती निघून जातील. त्यांच्या जागी बुलबुल, साळुंक्या येतील, पण त्या तुमच्या शाळेच्या आवारातही असतीलच. धाविकाला दुसरीकडे घर नाही.

खड्डे मे महिन्यात घेतात. नेमकी तेव्हाच धाविकाची अंडी उघड्या जमिनीवर असतात. घरटं असं नसतंच. मातीच्या रंगाची दोन-तीन अंडी खड्यांमध्ये अशी मिसळून जातात, की कुदळ मारणाऱ्याला कळतही नाही. माळटिटवीचंही तेच. पुढे झाडं वाढली की कावळ्यांना बसायला जागा होते आणि तिथून अंडी-पिल्लं हेरणं सोपं जातं. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री गवतातच, जमिनीवर उतरून झोपतात. त्यांना मोकळं गवत लागतं, झाडी नाही.

ही चूक जुनी आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, असं इंग्रजांच्या महसूल खात्याने ठरवलं आणि तो शब्द आपण अजून सोडलेला नाही. सोलापूरजवळचं नान्नज पाहा. १९७९ साली माळढोकासाठी तिथे अभयारण्य झालं, आणि त्याच परिसरातल्या माळांवर गिरिपुष्प या झाडाची लागवडही झाली. ऐन पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा नर मी तिथल्या मचाणावरून पाहिलाय. सगळ्या माद्यांना दूरवरून दिसावा म्हणून तो उघड्यावर उभा राहतो. गिरिपुष्पाच्या दाटीत त्याने उभं राहायचं कुठे? आता तिथे तो दिसणं फार दुर्मिळ झालंय. कारणं आणखीही आहेत, विजेच्या तारा आहेत, शेती वाढलीय, पण झाडांचा वाटा मी विसरू शकत नाही.

ग्रामसभेत पाखरांआधी चाऱ्याचं बोला. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं आहेत का, धनगरांना विचारा. त्यांना माळ आपल्यापेक्षा जास्त कळतो. पावसाळ्यात चराई थांबवली आणि बी पडल्यावर गवत कापलं, तर गावाला चारा मिळेल. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेत लावा. लिंब, करंज, बाभूळ. मुलांना मात्र एकदा पहाटे माळावर न्याच. डोंबारी चंडोल वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीलगत पुन्हा उसळी मारतो. ते पाहिलेल्या मुलांना माळ पडीक वाटणार नाही.

प्रश्न : बांधाजवळ चंडोलाचं घरटं सापडलंय. कुत्री येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घालू का?
– एक शेतकरी, बारामती

उत्तर : नको दादा. तुमची ये-जा पाहूनच कावळ्याला जागा कळते. लांब एक दगड खुणेला ठेवा, तेवढ्या पट्ट्यात वखराची पाळी घालू नका आणि पंधरा-वीस दिवस तिकडे फिरकू नका.