‘घेऊन जा, घेऊन जा’

“मॅडम, आईला जिथं ठेवलंय ते चांगलं आहे की वाईट, हेच मला समजत नाहीये. रविवारी तिथून निघताना वाटतं, सगळं ठीक चाललंय. घरी येऊन चप्पल काढली की वाटतं, आपण तिला टाकून आलो.”

वर्षाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा जून लागला होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पाऊस यायचा होता आणि नागपूरच्या प्रतापनगरातल्या माझ्या सल्ल्याच्या खोलीतला कूलर नुसती दमट हवा फेकत होता. ताई छप्पन्न वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. आई ब्याऐंशीच्या. जानेवारीत बाथरूममध्ये पडून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण चालणं परत आलं नाही. स्मृतिभ्रंश आधीपासून होताच. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवऱ्याची नुकतीच बायपास झालेली. दोन आया आल्या आणि गेल्या. शेवटी मार्चमध्ये बेसाकडच्या एका केंद्रात आईला ठेवलं. भाऊ पुण्यात. तो व्हिडिओ कॉलवर आईला बघतो आणि नंतर ताईंना विचारतो, “तिचा चेहरा असा का दिसतोय?”

एक खुलासा इथेच करते. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो छोटा खाजगी दवाखाना, बाळंतपणाचा किंवा ऑपरेशनचा. मी बोलतेय ते अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने ठेवून घेणाऱ्या केंद्रांबद्दल. कुणी त्याला वृद्धाश्रम म्हणतं, कुणी केअर सेंटर. पाटीवर काहीही असो. आम्ही नर्स ठेवून शुश्रूषा करतो असं जे सांगतात, त्यांना नोंदणी कोणती आहे हे सरळ विचारावं आणि कागद बघावा. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात 1949 पासून आहे आणि शहरात हे काम महापालिकेकडे असतं. विचारल्यावर मॅनेजर चिडला, तर तेही वहीत लिहून ठेवावं.

वर्षाताईंना मी एकच विचारलं, “आईच्या टाचा शेवटच्या कधी पाहिल्या?”

त्या गप्प झाल्या. तीन महिन्यांत त्यांनी ऑफिस पाहिलं होतं, सीसीटीव्ही पाहिला होता, भिंतीवरचा आठवड्याच्या जेवणाचा तक्ता पाहिला होता. आईला मात्र गळ्यापर्यंत चादर ओढलेलीच पाहिलं होतं. दर रविवारी, अकरा वाजता, आधी फोन करून. त्या वेळी सगळ्या आज्यांच्या तोंडाला पावडर लावलेली असते, वेण्या घातलेल्या असतात.

आईबाबांना बाहेर ठेवलेल्या मुलामुलींमध्ये मला दोन तऱ्हा दिसतात. काहींना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, मावशी हसली तरी ती खोटंच हसली असं वाटतं. काहीजण चादर उचलतच नाहीत, कारण खाली काही निघालं तर पुढे काय करायचं याचं उत्तर जवळ नसतं. ताई दोन्हीत होत्या, सकाळी एकीत आणि संध्याकाळी दुसरीत.

म्हणून शाळेतली दोनशे पानी वही घ्यायला सांगितलं. डाव्या पानावर जे दिसलं ते, उजव्या पानावर जे वाटलं ते. दोन्ही एका पानावर येऊ द्यायचं नाही. आणि तीन वेळा जायचं, न सांगता: एकदा रात्रीच्या जेवणाला, एकदा भर दुपारी, एकदा पहाटे. शिक्षिकेला वही तपासायची सवय असते, त्यामुळे हे काम त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त जमलं.

मंगळवारी साडेसातला त्या गेल्या. डाव्या पानावर लिहिलं होतं: ‘मावशी पोळी वरणात कुस्करून देत होत्या. पलंग डोक्याकडून उचललेला. घास गिळला का, हे गळ्याकडे बघून मगच दुसरा देत होत्या. एक पोळी संपायला पंचवीस मिनिटं.’ हे वाचून मला बरं वाटलं. आडवं ठेवून घाईघाईत भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, त्यातून न्यूमोनिया होतो. पंचवीस मिनिटं देणारी बाई मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

त्याच पानावर खाली होतं: ‘पाण्याचा स्टीलचा पेला खिडकीच्या कठड्यावर. आईचा हात पोचत नाही. झाकणावर धूळ.’

नागपूरच्या उन्हाळ्यात हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच जड आहे. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, स्मृतिभ्रंश असेल तर मागायचंही सुचत नाही. जीभ कोरडी, लघवी गडद आणि कमी, माणूस अचानक बरळायला लागतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. पुष्कळदा पाणी कमी पडलेलं असतं, किंवा लघवीला जंतुसंसर्ग झालेला असतो.

दुपारच्या फेरीत त्यांनी चादर उचलली. डाव्या टाचेवर रुपयाएवढा डाग. मी सांगितल्याप्रमाणे बोटाने दाबून पाहिलं. दाबल्यावर जागा पांढुरकी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे. पांढरी पडलीच नाही तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झाला म्हणायचं. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं, ती जागा शेजारच्यापेक्षा गरम किंवा टणक लागते का. आईची टाच पांढरी पडली. माकडहाड ठीक होतं. एअर मॅट्रेस होती, पण “मॅट्रेस आहे ना, मग कूस कशाला?” असं तिथल्या मुलीने विचारलं. मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी, आणि टाचा उशीने अधांतरी ठेवाव्या लागतात. पायाच्या नखांबद्दलही लिहिलं होतं. करंगळीचं नख वळून शेजारच्या बोटात रुतत होतं.

वजन मार्चमध्ये 46 किलो होतं. त्यानंतर कुणी केलेलं नव्हतं. ताईंनी आग्रह करून करवलं, 44 भरलं. महिन्यात शंभरामागे पाच किलो गेलं तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं असतं. इथे तीन महिन्यांत दोन किलो. घाबरण्यासारखं नाही, पण कुणी बघतच नव्हतं, हा मुद्दा होताच.

इथपर्यंत ताई शांत होत्या. तिसऱ्या फेरीनंतर आल्या त्या रडतच.

पहाटे सहाला त्यांनी रात्रीचं रजिस्टर पाहायला मागितलं. त्यात मॅनेजरच्या अक्षरात होतं: ‘पेशंट रात्री “घेऊन जा, घेऊन जा” म्हणून ओरडते. झोपेची गोळी द्यावी का, डॉक्टरांना विचारणे.’ आठ दिवसांत पाच वेळा. उजवं पान त्या दिवशी पूर्ण भरलेलं होतं आणि डावं कोरं.

“आई मला बोलावत होती मॅडम. घेऊन जा म्हणत होती.”

मी विचारलं, हे तुम्ही कानांनी ऐकलं का? नाही. मॅनेजरने ऐकलं? तो रात्री नसतो, सकाळी विचारून लिहितो. मग ऐकलं कुणी? रात्रपाळीच्या मावशींनी. मग डावं पान अजून लिहायचं बाकी आहे, म्हटलं.

ताई त्याच रात्री नऊला परत गेल्या. मावशी उमरेडकडच्या. त्यांनी जे सांगितलं ते ताईंनी जसंच्या तसं लिहून आणलं: “आजीले ओलं झालं का ते मारबत सुरू करते. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. मंग मी उठतो, पाह्यतो, त डायपर भरलेला राह्यते.”

आई इतवारीत वाढलेल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारी मारबत, गावाची पीडा घेऊन जाणारा तो बाईचा पुतळा, त्यांनी लहानपणी दारात उभं राहून पाहिलेली. काय दुखतंय, काय ओलं आहे, हे सांगायचे शब्द गेले होते. पीडा घालवायचा मंत्र तेवढा राहिला होता. मॅनेजर बाहेरगावचा, त्याला ‘घेऊन जा’ एवढंच समजलं. ताई अस्सल नागपूरच्या, तरी त्यांनीही तेवढंच वाचलं. त्यांच्या मनात गेले तीन महिने तेच वाक्य घोळत होतं.

ताई हसल्या आणि पुन्हा रडल्या. पण मी त्यांना तिथे सोडलं नाही. आई बोलावत नव्हती हे कळल्यावर हायसं वाटतं आणि त्या भरात खरी तक्रार हातातून निसटते. ओला डायपर खराच होता. मावशींना आणखी विचारल्यावर कळलं, रात्री सव्वीस जणांना दोघीच. डायपर दहाला बदलतात, मग थेट पहाटे पाचला. या सव्विसांपैकी कोण ओरडतं आणि कोण गप्प पडून राहतं, कोण जाणे. ज्या बाईला ओलं झाल्याचं दुःख सांगता येत नाही, तिला झोपेची गोळी दिली असती तर रजिस्टर स्वच्छ झालं असतं आणि माकडहाडाची कातडी गेली असती. नवी गोळी सुरू झाली की कुणी लिहून दिली, कशासाठी आणि किती दिवस, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

केंद्राला काय लिहायचं ते आम्ही डाव्या पानावरून काढलं. रात्री एक वाजता डायपर बघणे. पाण्याचा पेला हाताशी, दिवसभरात किती प्यायली याची नोंद. महिन्यातून एकदा वजन. कुशीचा तक्ता पलंगाला टांगलेला. गोळी कुटुंबाला विचारल्याशिवाय नाही. खाली तारीख, सही, आणि एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे. शेवटी पंचवीस मिनिटं भरवणाऱ्या मावशींचं कौतुकही लिहायला लावलं, कारण असं पत्र आलं की मॅनेजर पहिला राग तिच्यावरच काढतो. ऐकलंच नाही तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, 14567, सकाळी आठ ते रात्री आठ, हेही सांगून ठेवलं. ती वेळ आली नाही.

सगळं झालं असं नाही. तिसरी मावशी ठेवू म्हणाले, अजून ठेवलेली नाही. एकची फेरी होते, पण रविवारी रात्री चुकते, वहीत तशी नोंद आहे. टाचेचा डाग गेला. वजन 44.8. आईला दुसरीकडे हलवावं का, हा प्रश्न ताईंनी दोनदा काढला आणि दोनदा स्वतःच बाजूला ठेवला. घास भरवणारी ती बाई दुसरीकडे मिळेलच असं नाही, हे त्यांचं कारण. मला ते पटतं. तिथे रात्र अजून सुधारली नाही तर मला ते पटणार नाही, हेही मी त्यांना सांगितलं आहे.

पोळ्याला भाऊ पुण्याहून आला. ताई त्याला घेऊन माझ्याकडे आल्या आणि वही त्याच्यासमोर ठेवली. तो बराच वेळ नुसती डावी पानं उलटत बसला, उजव्या पानांवर हात ठेवून, जणू ती दुसऱ्याची पत्रं आहेत. मग म्हणाला, उद्या रात्री जेवणाच्या वेळी मी एकटाच जातो, न सांगता.

“जाताना काय नेऊ? फळं?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. नखांचं आम्ही पत्रात घातलंच नव्हतं.

“नेलकटर ने,” त्या म्हणाल्या.