वुडन फ्लोअरिंगआधी काँक्रीटमधली ओल कशी मोजायची?

बाणेरच्या रो-हाऊसमध्ये तळमजल्याचं चार इंची काँक्रीट ओतून दोन महिने झाले, हाताला कोरडं लागतंय, मिस्त्री म्हणतोय वुडन फ्लोअरिंग टाकून घ्या. टाकू का, असं तुम्ही विचारलंय. मोजल्याशिवाय टाकू नका. मी पुण्यात हेच काम करतो आणि हाताच्या भरवशावर एकदा फसलोय.

कोथरूडच्या एका बंगल्यात एप्रिलमध्ये पट्ट्या टाकल्या. वरून काँक्रीट पांढरं पडलेलं, ओल मोजायचं पिनांचं मीटरही कोरडं दाखवत होतं. ऑगस्टमध्ये काकूंचा फोन आला, मधली जमीन उचलली गेलीय. उचकटलं तर खाली बुरशी आणि कुबट वास. सगळं पदरचं घालून पुन्हा करून दिलं.

झालं असं, की काँक्रीट वरून वाळतं आणि पोटात पाणी धरून राहतं. वर फ्लोअरिंग आलं की वाफेची वाट बंद होते आणि पोटातली ओल हळूहळू वरपर्यंत येते. पिनांचं मीटर फक्त वरचा थर सांगतं. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायची पद्धत आहे. खाली घाम आला तर ओल नक्की आहे, पण घाम आला नाही म्हणून काँक्रीट वाळलं असं अजिबात समजू नका.

खरी तपासणी पोटातली. एएसटीएम एफ २१७० या अमेरिकन मानकात ती दिली आहे. काँक्रीट एकाच बाजूने वाळत असेल, म्हणजे तळमजल्यासारखी, तर जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडायचं. तुमच्या चार इंचांत साधारण ४० मिलिमीटर. भुकटी नीट काढून आत प्लास्टिकची नळी बसवायची, तोंड बंद करायचं आणि २४ तास हात लावायचा नाही. मग प्रोब, म्हणजे आर्द्रता मोजायची कांडी, घालून आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता वाचायची. पहिल्या १००० चौरस फुटांना तीन भोकं लागतात. त्यातलं एक बाहेरच्या भिंतीजवळ घ्याच. ड्रिल मारण्याआधी खालून वायरिंग किंवा पाण्याचा पाइप गेलाय का, ते बिल्डरला विचारा.

लाकडासाठी बऱ्याच ठिकाणी ७५ टक्क्यांची मर्यादा धरतात, पण तुमच्या कंपनीच्या कागदावर जो आकडा असेल तोच पाळा, नाहीतर वॉरंटी हातची जाते. ढोबळ हिशोब सांगायचा तर पाणी मारणं थांबल्यावर वाळायला दर इंचाला एक महिना, तोही कोरड्या हवेत. जून ते सप्टेंबर त्यात धरूच नका.

आकडा जास्त आला तर बिल्डरला आणखी एक विचारा: काँक्रीटखाली पॉलिथिन अंथरलं होतं का? असेल तर खिडक्या उघड्या ठेवून थांबा आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजा. नसेल तर जमिनीतली ओल वर येतच राहणार, नुसतं थांबून भागणार नाही. मग आधी ओल अडवणारं इपॉक्सी कोटिंग करून घ्या, किंवा तळमजल्याला व्हिट्रिफाइड टाइल्स आणि वरच्या बेडरूमला लाकूड असं ठरवा.